मोडीत घालण्याआधी बिल्ल्याची कड वाचा

आपल्या घरांत सोन्यानाण्याची तिजोरी नसते, पण पत्र्याची एक पेटी असते. तिच्या तळाशी, शाळेच्या दाखल्यांच्या आणि पेन्शनच्या कागदांच्या खाली, कधी कधी एखादी जुनी चकती सापडते. कोणी तिला बिल्ला म्हणतो, कोणी मेडल म्हणतो. आईला ती टाकवत नाही आणि मुलाला ती ओळखता येत नाही. मग घरात एखादी अडचण येते आणि ती चकती सोनाराच्या नाही तर भंगारवाल्याच्या तागडीत पडते. तागडीला वजन कळते, नाव कळत नाही.

जुनी पदके, बिल्ले, टोकने जमविणे हा पैसेवाल्यांचा छंद आहे असे आपण समजतो. विकत घेऊन जमविणे हा त्यांचा छंद असेलही. परंतु ज्या वस्तू ते मोल देऊन घेतात, त्यातल्या कित्येक आपल्याच आजा-पणजाने अंगावर मिरविलेल्या किंवा घाम गाळून मिळविलेल्या आहेत. म्हणून या विषयाशी आपला संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

लष्कराशी आपले नाते जुने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने आपली भरती बंद केली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी पुन्हा केली. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडलीही गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. हा सारा इतिहास आपण भाषणांतून ऐकतो. त्याचा पुरावा मात्र अनेकदा घरातल्या पेटीत पडलेला असतो.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने ‘ब्रिटिश वॉर मेडल’ काढले. ते चांदीचे असून त्याचे वजन सुमारे पावणेतीन तोळे भरते. त्याच्या जोडीला ‘व्हिक्टरी मेडल’ हे कांस्याचे पदक असे. दोन्ही पदकांच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे दाते असतात त्या जागी, इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अक्षरे बारीक असल्याने ती घरच्यांच्या ध्यानातही येत नाहीत.

चांदीचे पदक सोनाराकडे गेले आणि आटले. १९८० च्या सुमारास जगात चांदीचा भाव एकदम चढला, तेव्हा तर इंग्लंडातसुद्धा ही पदके ढिगाने वितळविली गेली. कांस्याच्या जोडीदाराला कोणी विचारले नाही, म्हणून तो घरात राहिला. आज कित्येक ठिकाणी जोडीतले एकच पदक सापडते त्याचे कारण हे आहे.

पण यापुढची गोष्ट आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. हेच ब्रिटिश वॉर मेडल काही लोकांना चांदीचे न देता कांस्याचे दिले गेले. ते लोक कोण? तर चीन, माल्टा आणि हिंदुस्थानातून नेलेले मजूर. रस्ते बांधणारे, जहाजांवरचा माल उतरविणारे, ओझी वाहणारे. लढणाऱ्याला चांदी आणि राबणाऱ्याला कांसे, असा तो न्याय होता. चांदीची पदके सुमारे ६५ लाख निघाली, तर कांस्याची फक्त १ लाख १० हजारांच्या आसपास. म्हणजे त्या काळी जे हलके म्हणून दिले, तेच आज अधिक दुर्मीळ ठरले आहे. सोनार ज्याला ‘यात काही नाही’ म्हणून परत करतो, जाणकार संग्राहक त्यालाच भिंग लावून पाहतो.

आमच्या वसाहतीत एक आजी आहेत. सातारा भागातल्या. सासरे बसऱ्याला गेले होते एवढे त्यांना ठाऊक. नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते, म्हणून त्यांनी पेटी उपसली. त्यात काळपट पडलेली एक चकती निघाली. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, सोनार म्हनतो ह्यात चांदी न्हाई. भंगारवाला किलोच्या भावानं घेतो म्हनतो. मग ठिवून तरी काय करू?”

भिंग आणून आम्ही कड वाचली. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ ही दोन साले. कडेवर नंबर, त्यांच्या सासऱ्यांचे नाव, आणि हुद्दा शिपाई नव्हे तर मजूर. नातीने ते एकेक अक्षर लावून वाचले आणि आजीला ऐकविले. आजींनी सासऱ्यांचे नाव आयुष्यात कधी तोंडाने घेतले नव्हते. त्या नुसत्या चकतीवरून बोट फिरवीत राहिल्या.

पुढे घरात दोन तट पडले. मुलगा म्हणाला, विकून टाकू, चांगले पैसे येतील. नात म्हणाली, माझ्या फीसाठी पणजोबा विकायचे नाहीत. दोघांचेही म्हणणे खरे होते. मुलीचे शिक्षण थांबवून पदक सांभाळा असा उपदेश मी तरी करणार नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षण पहिले सांगितले आहे. शेवटी वसाहतीतल्या आमच्या मंडळाने आणि दोन नातेवाइकांनी मिळून फीचा पहिला हप्ता भरला आणि पदक घरात राहिले. दर वेळी असे जमेलच असे नाही, हेही मी जाणतो.

म्हणून विकणाऱ्याला दोष देण्यापेक्षा विकण्याआधी काय करावे ते सांगतो.

पहिली गोष्ट, वस्तू घासू नका. चिंच, राख, पितांबरी यांनी समईला चकाकी येते, परंतु पदकावरची अक्षरे झिजतात आणि जाणकाराच्या लेखी त्याची किंमत उतरते. फीत विटली असली तरी फेकू नका. दोन-तीन पदके एकाच माणसाची असतील तर ती वेगळी करू नका; पूर्ण संचाला जे मोल असते ते सुट्या पदकाला नसते. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा.

दुसरी गोष्ट, कड वाचा आणि वहीत उतरवून घ्या. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा. नावाच्या शेवटी ‘नाक’ आहे का ते पाहा. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आपल्या शूरांची नावे याच ‘नाक’वरून ओळखली गेली. घरात डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, गणवेशातला फोटो असेल तर तो पदकाबरोबर ठेवा. पदक गेले तरी नाव आपल्याकडे राहील.

तिसरी गोष्ट, कायदा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय परदेशी पाठविता येत नाही आणि अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची पदके आता शंभरी ओलांडून गेली आहेत. तेव्हा परदेशचे गिऱ्हाईक गाठून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर न विसंबता दोन-तीन ठिकाणी विचारा आणि पावती घ्या.

चौथी गोष्ट, लाखांच्या थापा. १९९० सालचे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे एक रुपयाचे नाणे अनेकांनी जपून ठेवले आहे. श्रद्धेने जरूर ठेवा. पण ते चलनात भरपूर आले होते, दुर्मीळ नाही. ‘तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणीची फी भरा,’ असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच जाहीर केले आहे की, अशा व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कमिशन घेत नाही. फी मागणारा तुमचे नाणे घ्यायला नव्हे, तुमचा पगार घ्यायला आलेला असतो.

पदकांइतकेच महत्त्व मी कामाच्या टोकनांना देतो. कारखान्यांच्या आणि वर्कशॉपच्या दरवाजावर नंबराची पितळी टोकने असत. हमालांच्या दंडावर बिल्ले असत. त्यांवर नाव नसे, फक्त नंबर. सरकारने पदकावर निदान नाव तरी ठोकले; मालकाने तेही केले नाही. म्हणून वडिलांचे टोकन घरी असेल तर एका कागदावर लिहून ठेवा की, या नंबराचा माणूस अमुक नावाचा, अमुक गावचा, अमुक खात्यात इतकी वर्षे राबला. हे तुम्ही लिहिले नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही. तुमच्या मागे त्या चकतीचे नुसते पितळ उरेल.

देणे म्हणजे गमावणेच असते असेही नाही. पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत. त्या माईसाहेबांनी स्वतःकडे ठेवल्या असत्या तर एका घराला दिसल्या असत्या. आज त्या कोणालाही पाहता येतात. तसे मोठे संग्रहालय गावोगाव होणार नाही, परंतु आपल्या विहारात काचेचे एक कपाट का होऊ नये? वस्तू मालकाच्याच नावावर राहावी, नोंदवहीत तिची सही-शिक्क्यासह नोंद व्हावी, किल्ली दोघांकडे असावी. हिशेब चोख ठेवला तर लोक विश्वासाने आणून देतील.

कोरेगावच्या लढाईचेही पदक होते. लढाई १८१८ ची आणि पदक मंजूर झाले १८५१ साली, तेही त्या वेळी हयात असलेल्यांना. तेहेतीस वर्षे वाट पाहून किती जण जगले असतील? आपल्या माणसांचा सन्मान असा नेहमीच उशिरा आला आहे. जो आला आणि आपल्या पेटीत पडून आहे, तो तरी आपल्या हाताने तागडीत टाकू नये.

या रविवारी पेटी उघडा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि मुलाच्या हातात वही द्या. जयभीम!