ओळखा पाहू, नवरी कोणती?

काय नगरकर दोस्तांनो, लावता पैज? ‘गोतोबुन नो हानायोमे’ या जपानी चित्रकथेत (२०१७-२०२०) पाच बहिणी, अगदी एकसारख्या! सुरुवातीलाच फुतारोचं लग्न दिसतं. पण नवरी कोणती? १४ खंड डोकं खाजवत बसा!

कोडं आपल्याकडेही जुनंच. महाभारतातल्या दमयंतीपुढे, विदर्भाच्या राजकन्येपुढे, स्वयंवरात पाच नळ उभे! चार देव, एक माणूस. तिनं विनवल्यावर देवांनी खुणा दाखवल्या: घाम नाही, पापणी लवत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. नळाला मात्र घाम, सावली आणि कोमेजलेली माळ!

तेव्हा अंदाज बांधताना चेहरा नव्हे, खुणा बघा. आणि हो, दमयंती काही बक्षीस नव्हती. माळ तिच्या हातात होती!