का आणि कसं : हलका बाण, जड बाण

दोस्तांनो, धनुष्य एकच, ओढणारा हातही एकच. बाण मात्र दोन : एक २० ग्रॅमचा, दुसरा ४० ग्रॅमचा. सांगा पाहू, जास्त खोल कुठला घुसेल?

"हलका! तो वेगात जातो ना!" असं बरेच जण म्हणतील. जरा थांबा, घाई नको.

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध, देवरी, सालेकसा भागात दाट जंगल आहे. तिथल्या गोंड समाजात धनुष्यबाण पूर्वापार चालत आलेला. जुन्या काळी शिकाऱ्याला हा प्रश्न पुस्तकातला वाटला नसता. बाण अर्धवट घुसला, तर जनावर जखमी होऊन पळणार आणि झाडीत कुठंतरी तडफडत मरणार. जनावराचे हाल आणि घरात चूल थंड!

आता हिशोब करू. धनुष्य ओढलं की त्यात ऊर्जा साठते. समजा, त्यातली ४० ज्यूल बाणाला मिळाली. मग २० ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे ६३ मीटर वेगानं सुटेल आणि ४० ग्रॅमचा सुमारे ४५ मीटर वेगानं. पाहिलंत? वजन दुप्पट झालं, पण वेग काही निम्मा झाला नाही! वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो जड बाणाचा जवळजवळ दीडपट भरतो. संवेग जास्त, म्हणून त्याला अडवणं अवघड. टोक सारखंच असेल, तर जड बाणच खोल जाणार.

आणखी एक गंमत. धनुष्याची सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. थोडी दोरी आणि धनुष्याच्या बाह्या हलवण्यात खर्च होते. बाण जितका जड, तितका त्याचा वाटा मोठा. म्हणूनच बाण न लावता दोरी कधी सोडायची नाही, बरं का! सगळी ऊर्जा धनुष्यातच राहते आणि ते मोडू शकतं.

मग बाण जडच का करत नाहीत? कारण जड बाण लवकर खाली येतो. २० मीटर जाईपर्यंत हलका बाण अर्धा मीटर खाली येतो, तर जड बाण एक मीटर. म्हणून दाट झाडीत, जवळून मारायला जड बाण चालतो. लांबच्या नेमाला हलका बरा.

बाण कशाचा, यालाही महत्त्व आहे. काडी लवचीक असली, तर आदळताना ती वाकते, थरथरते आणि ऊर्जा वाया जाते. बांबूत बाहेरच्या बाजूला चिवट धागे दाट असतात. त्यामुळे तो हलका असूनही ताठ राहतो. विदर्भातला मानवेल बांबू तर बहुतेक भरीवच असतो. आजच्या कार्बनच्या बाणातही हेच तत्त्व आहे : काडी बारीक, पोकळ, पण ताठ. बारीक काडीला घर्षणही कमी.

पण आता शिकारीचा विचारही नको! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. नवेगाव-नागझिरा तर २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. जनावरावर सोडायचा बाण थांबला, तरी नेम धरण्याची विद्या काही संपली नाही. गोंदियाजवळच्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेता झाला. अंतिम सामन्यात ५० मीटरवरून सोडलेले त्याचे पंधराच्या पंधरा बाण दहा गुणांच्या वर्तुळात! तिथं बाण खोल जायला नको, नुसता रुतला की झालं. म्हणून असे खेळाडू हलके कार्बनचे बाण वापरतात.

हे घरीही पडताळता येईल. बाण नको, दोन चेंडू घ्या : एक रबरी, एक सीझनचा. ओल्या वाळूच्या ढिगावर सारख्याच जोरानं फेका. समोर कुणी नाही ना, ते आधी बघा. मग पट्टीनं खड्डे मोजा.

आता कोडं. बाणाला लोखंडी टोक पुढं आणि पिसं मागं असतात. उलट केलं, पिसं पुढं आणि लोखंड मागं, तर बाण कसा जाईल? डोकं चालवा. उत्तर पुढच्या अंकात!