रिकाम्या बाकाचे धर्मशिक्षण

आपली किशोरवयीन मुले संवेदनशून्य झाली आहेत, अशी तक्रार हल्ली धर्मग्रामाच्या सभांतून वारंवार ऐकू येते. मोबाइलला दोष दिला की पालकांचे समाधान होते. मला ही तक्रार पटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाचे अंतःकरण आजही चटकन द्रवते. परंतु ते द्रवल्यावर पुढे समजून काय घ्यायचे, हे त्याला आपण शिकवीत नाही. हा दोष आपल्या पदरी आहे.

परभणी जिल्ह्यातील जिंतूरचेच उदाहरण घेऊ. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण याच तालुक्यात आहे. पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर परभणी, हिंगोली, नांदेडकडची शेते भिजतात. तरी येथल्या डोंगराळ भागातील कोरडवाहू व भूमिहीन कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मग पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात कोठेतरी फडाजवळची कोपी, पहाटेपासून तोडणी, अवेळी येणाऱ्या गाडीची भरणी, आणि आजारपणात दिवस बुडालाच तर खाड्याचा भुर्दंड. गाव पुन्हा दिसते ते मार्च-एप्रिलमध्ये. मुले सोबत जातात, नाहीतर आजीपाशी राहतात. जाणाऱ्या मुलाचा वर्गातला बाक रिकामा होतो, आणि शेजारच्या बाकावर आपला मुलगा बसलेला असतो.

आता आपले सेवाकार्य पाहा. डिसेंबर उजाडला की वर्गणी जमते, ब्लँकेटे येतात, युवकांची रांग लागते, छायाचित्र निघते. त्या वेळी ज्यांना थंडी सर्वांत अधिक बोचते, ते दूर उघड्या रानात असतात. आपण कुलपे लागलेल्या वस्तीत ऊब वाटून येतो! मुलांना ही विसंगती दिसते. ती बोलून दाखवण्याची सोय मात्र आपण ठेवलेली नाही. दृढीकरणाच्या वर्गात पवित्र आत्म्याची सात वरदाने पाठ करून घेतली जातात. त्यांत ‘समज’ हेही एक वरदान आहे. ते वापरायचे कोठे?

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात याजकाने आणि लेव्यानेही जखमी माणूस पाहिला होता. शोमरोनी जवळ गेला, म्हणून जखमा कोठे आहेत, या माणसाला चालवेल की जनावरावर बसवावे लागेल, उतारशाळेत किती द्यावे लागेल, हे त्याला कळले. परत येतो, असेही तो सांगून गेला. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या विश्वपत्राचे एक संपूर्ण प्रकरण या दाखल्याला दिले आहे. आपण त्याची नाटिका बसवतो, आणि शोमरोन्याच्या भूमिकेसाठी तंटे होतात.

जवळ जाण्याने जे कळते ते नेहमी सुखद नसते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सोळा वर्षांच्या मुलीच्या कानावर हे घालू नये, असे म्हणणाऱ्या मातांनी या स्त्रियांतील कित्येकींची लग्ने कोणत्या वयात झाली असतील, याचा क्षणभर विचार करावा.

‘दहावीचे वर्ष आहे,’ हा एक आक्षेप. त्याच मार्चमध्ये ज्या वर्गमित्राला परीक्षेला बसताच येत नाही, त्याच्याविषयी या आक्षेपात अवाक्षर नसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आपण अल्पसंख्य, दुसऱ्याच्या दारी गेलो तर धर्मांतराचा आळ येईल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच शाळेच्या शिक्षकांबरोबर, इतर धर्मांच्या सोबत्यांबरोबर जावे. हाती पत्रक नको, कॅमेरा नको.

तिसरे कारण कोणी बोलून दाखवत नाही. मराठवाड्यातील आपल्या पुष्कळ कुटुंबांचे आजी-आजोबा गावकुसाबाहेर राहिले, दुसऱ्याच्या शेतावर राबले. पुढे नोकरी लागली, तालुक्याच्या गावी घर झाले, आणि ती आठवण मुलांपासून लपवण्यात आली. ज्याला आजोबांचे घट्टे पडलेले हात कधी दाखवलेच नाहीत, त्याला कोयता परका वाटला तर नवल काय? हे आधी घरात, जेवताना, न लाजता सांगितले पाहिजे. सहानुभूतीचे वर्ग भरवण्यापूर्वी एवढे तरी पालकांनी करावे.

पालक स्थलांतरित असताना मुलांची गावातच सोय व्हावी, यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती यंदा वेळेवर सुरू होणार का, हे युवकगटाने दिवाळीच्या सुट्टीआधीच मुख्याध्यापकांना जाऊन विचारावे. जे विद्यार्थी गेले, त्यांच्यासाठी बुडालेल्या धड्यांच्या वह्या लिहून ठेवाव्यात आणि एप्रिलमध्ये त्यांच्याशेजारी बसून ते धडे पुरे करावेत. ब्लँकेटे वाटायचीच असतील, तर फडाकडे गाड्या निघण्यापूर्वी वाटावीत, आणि घेणाऱ्याला नावाने ओळखणाऱ्या मुलाच्या हातून वाटावीत.