दोन कार्डांचा तंटा

पूर्वी भावाभावांत अबोला होई तो वाटणीच्या विहिरीवरून किंवा माडीवरच्या खोलीवरून. गेल्या दिवाळीत आमच्या धारवाडच्या घरी दोन नातवांमध्ये तीन दिवस अबोला राहिला, आणि त्याला कारण झाले संगणकात बसवावयाचे एक कार्ड! ज्या वाचकांच्या घरी कॉलेजात जाणारी मुले आहेत त्यांना हा तंटा अगदीच अपरिचित नसेल. म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच देत आहे.

धाकटा नातू हुबळीस विद्यानगरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. दोन वर्षे संध्याकाळी शेजारच्या मुलांना गणित शिकवून त्याने थोडे पैसे साठविले होते. त्यातून संगणकावरील खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचे त्याने ठरविले. एका वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडे एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे वापरलेले कार्ड विकाऊ होते, तर दुकानात आरटीएक्स ४०६० हे नवे मिळत होते. थोरला पुण्यास नोकरीला असतो. त्याचे म्हणणे, जुने घे, त्याला स्मृती बारा जीबी आहे. धाकटा म्हणे, नवे घेणार, ते वेगवान आहे. शब्दाला शब्द लागला आणि दोघांनी तोंडे फिरविली.

चौथ्या दिवशी धाकटा माझ्याकडे आला. "अप्पा, तुम्हीच काय ते सांगा." मी म्हणालो, "अरे, खेळण्यापायी एवढा खर्च?" तो शांतपणे म्हणाला, "अप्पा, रोज चिगरी बसने हुबळीला जातो, येतो, मग शिकवण्या करतो. रात्रीचे दोन तास तेवढे माझे. आता चुकीचे घेतले, तर पुन्हा दोन वर्षे थांबायचे." यावर मला उत्तर सुचले नाही. मी चष्मा लावला आणि दोन्ही कार्डांची माहितीपत्रके मागवून घेतली. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात माझी चौतीस वर्षे गेली. यंत्राची तुलना करावयाची म्हणजे प्रथम आकडे कागदावर मांडावयाचे, एवढे तरी ठाऊक होते.

हे कार्ड करते काय, ते आधी पाहू. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे सुमारे २०.७ लाख. खेळातील दृश्य डोळ्यांना सलग भासावे यासाठी सेकंदास ६० चित्रे काढावयाची, तर सेकंदाला सुमारे १२.४ कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हे काम एकट्या कारागिराचे नव्हे. म्हणून कार्डावर हजारो लहान गणकयंत्रे एकाच वेळी राबत असतात.

आरटीएक्स ३०६० हे फेब्रुवारी २०२१ मध्ये आले. त्यात अशी ३,५८४ गणकयंत्रे आहेत. जून २०२३ मध्ये आलेल्या ४०६० मध्ये ती ३,०७२ आहेत. नवे असून कमी कसे? कारण हातांचा वेग. पहिल्याची कमाल गती साधारण १.७८ गिगाहर्ट्‌झ, तर दुसऱ्याची २.४६. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला, तर कमी कारागीर असूनही नव्याचे काम कागदावर सुमारे १९ टक्के अधिक भरते. शिवाय त्याला वीजही कमी लागते: जुन्याची मर्यादा १७० वॉट, नव्याची ११५. दररोज दोन तासांच्या हिशेबाने वर्षाकाठी सुमारे ४० युनिटांचा फरक पडतो. आमच्याकडच्या एप्रिलात बंद खोलीत बसणाऱ्यास ५५ वॉटांची उष्णता कमी झाली, हाही लाभच.

मग थोरल्याचे म्हणणे निरर्थक होते काय? मुळीच नाही. कारागीर कितीही चपळ असला तरी त्याच्यापाशी माल पोचावा लागतो. खेळातील भिंती, झाडे, माणसांचे चेहरे यांची चित्रे कार्डाच्या स्मृतीत साठवलेली असतात. ३०६० ची कोठी बारा जीबीची आणि तिथून माल आणण्यास १९२ रूळ. ४०६० ची कोठी आठ जीबीची आणि रूळ १२८. नव्याच्या प्रत्येक रुळावरील गाडी थोडी जलद धावते खरी, तरीही एकूण वाहतूक सेकंदास २७२ जीबी होते, जुन्याची ३६०. ही उणीव भरून काढण्यासाठी नव्यात गणकयंत्रांच्या अगदी शेजारी २४ एमबीचे लहान कोठार दिले आहे. जुन्यात ते ३ एमबीचे आहे. वारंवार लागणारे सामान कारागिराच्या हाताशी ठेवावे, म्हणजे मोठ्या गुदामाकडे खेपा कमी होतात. आमच्या कारखान्यातही हीच रीत होती.

मात्र मोठे गुदामच अपुरे पडले, तर हाताशी असलेले कोठार कामास येत नाही. आठ जीबीत न मावणारा माल संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावा लागतो, आणि तो मार्ग पुष्कळ मंद. त्यातही ४०६० हे कार्ड त्या मार्गाच्या आठच मार्गिका वापरते, ३०६० सोळा. नातवाचा मदरबोर्ड जुन्या, तिसऱ्या पिढीचा. तेथे प्रत्येक मार्गिकेची गती चौथ्या पिढीच्या निम्मी. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' हा खेळ संगणकावर आला, तेव्हा आठ जीबीची कार्डे अपुरी पडतात अशी ओरड झाली होती. पुढे दुरुस्त्या होऊन तो भार कमी झाला. परंतु इशारा मिळाला तो मिळालाच.

आता राहिली प्रत्यक्ष चाचणी. येथे सरासरीचा मोह टाळावा लागतो. समजा, एका सेकंदात ६० चित्रे निघाली. त्यांतील ५९ चित्रांना प्रत्येकी १५ मिलिसेकंद लागले आणि उरलेल्या एकास ११५. बेरीज बरोबर १,००० मिलिसेकंद, सरासरी बरोबर ६०. तक्त्यात हे कार्ड उत्तीर्ण. पण त्या एका चित्रापाशी डोळ्यांना धक्का बसतो आणि खेळणाऱ्याचा डाव जातो. वर्षभर वेळेवर धावणारी गाडी ज्या दिवशी दोन तास उशिरा आली, तोच दिवस मुलाखतीचा असेल तर उमेदवारास वार्षिक सरासरी सांगून काय उपयोग? म्हणून जाणकार सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का चित्रांचा वेगही पाहतात.

दुसरा मोह कृत्रिम चित्रांचा. ४०६० मध्ये दोन खऱ्या चित्रांच्या मधे एक कल्पित चित्र घालण्याची सोय आहे. ३०६० मध्ये एनव्हिडियाने ती दिलेली नाही. त्यामुळे पडद्यावरील आकडा फुगतो आणि दृश्य मऊ दिसते. परंतु खेळणाऱ्याने कळ दाबल्यावर उत्तर मिळण्याची त्वरा वाढत नाही. तेव्हा तुलना करताना ही सोय बंद ठेवून मोजावे, आणि मग तिला वेगळे गुण द्यावेत.

एका रविवारी दोन्ही कार्डे घरी आली: एक त्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याचे, दुसरे एका वर्गमित्राचे. संगणक तोच, खेळ तोच, दृश्य तेच, मांडणी तीच. बदलले ते फक्त कार्ड. प्रत्येक चाचणी तीनदा केली. नोंदी मी वहीत लिहिल्या आणि अबोला धरलेले दोघे भाऊ नाइलाजाने एकमेकांस आकडे सांगू लागले. नेहमीच्या मांडणीत नवे कार्ड स्पष्टपणे पुढे राहिले. एका अवजड खेळात चित्रांचा बारकावा कमाल केला, तेव्हा मात्र त्याची सरासरी चांगली असूनही दृश्य मधूनमधून अडखळू लागले. जुने कार्ड मंद, पण संथ लयीत चालत राहिले. बारकावा एक पायरी उतरविला आणि नव्याचे अडखळणे थांबले. ती उतरलेली पायरी पडद्यावर शोधूनही मला सापडली नाही.

म्हणजे दोघेही खरे बोलत होते. फक्त प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत होता. स्मृतीची उणीव एक पायरी उतरून झाकता येते, मंदपणा मात्र तसा झाकता येत नाही. शिवाय नव्यास हमी होती. म्हणून धाकट्याने ४०६० घेतले. थोरल्याला त्रिमितीय चित्रांचे काम असते, तेथे मोठी कोठी उपयोगी. त्याने ते जुने ३०६० स्वतःसाठी घेतले.

ज्यांना अशी खरेदी करावयाची आहे त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. ३०६० याच नावाने २०२२ मध्ये आठ जीबीचे आणि १२८ रुळांचे निराळे कार्डही आले होते. तेव्हा केवळ नावावर न जाता स्मृतीचा आकडा वाचावा. आणि मे २०२५ मध्ये ५०६० आल्यापासून ही दोन्ही मागील पिढ्यांची झाली आहेत. किंमत देताना तेही ध्यानात ठेवावे.

अलीकडे रात्री मीही कधी त्या खोलीत जाऊन बसतो. नातवाने माझ्यासाठी रेल्वे चालविण्याचा एक खेळ आणला आहे. परवा सिग्नल लाल असताना माझी गाडी पुढे गेली. "अप्पा, चौतीस वर्षे रेल्वेत काढलीत ना?" त्याने विचारले. मी म्हटले, "अरे, आम्ही डबे दुरुस्त करत होतो, गाडी चालवत नव्हतो." दोष कार्डाचा नव्हता, हे मात्र दोघांनाही मान्य होते.