डोकेदुखी हे हृदयविकाराचं लक्षण असू शकतं का?

पेणची बाजारपेठ असो की रोह्याचा धाटाव एमआयडीसी नाका, डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं, ही सवय बहुतेकांची. त्यात बहुधा काही बिघडत नाही, कारण बहुतांश डोकेदुखीचा हृदयाशी संबंधच नसतो. पण एका प्रकारात ही गोळीच घात करू शकते.

त्याचं नाव 'कार्डिअ‍ॅक सेफॅलाल्जिया'. म्हणजे हृदयाच्या स्नायूंना रक्त कमी पडल्यामुळे होणारी डोकेदुखी. अमेरिकेतील न्यूरॉलॉजिस्ट रिचर्ड लिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याविषयी लिहिलं. २००४ पासून डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही तिला जागा मिळाली. हा प्रकार दुर्मीळ आहे. त्यामुळे 'डोकं दुखलं म्हणजे अटॅक' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तर तो पुढे पाठवू नये हे उत्तम.

मग ओळखायची कशी?

दुखणं कधी सुरू होतं ते पाहा. जिना चढताना, कारखान्यात शाडूची पोती उचलताना डोकं ठणकायला लागतं आणि थांबलं की काही मिनिटांत उतरतं. पन्नाशीनंतर असं पहिल्यांदाच होत असेल, त्यात मधुमेह, बीपी किंवा तंबाखूचं व्यसन असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. काहींच्या छातीत अजिबात दुखत नाही, म्हणून तर हे निसटतं.

हृदयाचं दुखणं डोक्यात का जाणवतं? एक स्पष्टीकरण असं, की हृदयाकडून आणि डोक्याकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा मानेच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूत जवळजवळ येतात आणि मेंदूची जागा ओळखण्यात गल्लत होते. हार्ट अटॅकमध्ये जबडा किंवा डावा हात दुखतो, तसंच हे.

खरा धोका औषधांचा. मायग्रेन समजून ट्रिप्टान किंवा एर्गोटामाइनची गोळी घेतली, तर हृदयाच्या रक्तवाहिन्या आणखी आकसू शकतात. डायक्लोफेनॅकही हृदयरुग्णांसाठी जोखमीचं. उलट, जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनने हे दुखणं कमी होऊ शकतं. एरवी त्याच गोळीने डोकं दुखतं, ही गंमतच. अर्थात, ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही.

ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही. दुखत नसताना काढलेला ईसीजी स्वच्छ दिसू शकतो, मग स्ट्रेस टेस्ट लागते. याउलट, आयुष्यात कधी झाली नाही एवढी डोकेदुखी अचानक उठली, तर मेंदूतल्या रक्तस्रावाची शंका आधी. त्यातही ईसीजी बदलतो. तो अटॅक समजून रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर जीवावर बेतू शकतं.

रोहा ते पनवेल रेल्वेने साधारण ७५ किलोमीटर. अंतर एवढं असताना डोकेदुखीसोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण आलं, तर मेडिकलची पायरी न चढता १०८ ला फोन करावा आणि जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना 'दुखणं श्रमाने वाढतं' हे आवर्जून सांगावं.