पिकअपचे डिझेल व क्विंटलचा हिशेब

वाशीम, कारंजा, रिसोड येथील बाजार समित्यांत जाणारे सोयाबीन व तूर आज पुष्कळदा पिकअपमधून जाते. पिकअपचा लिटरमागील किलोमीटरचा छापील आकडा चाचणीगृहातील रोलरवर काढलेला असतो. खडबडीत रस्त्यावरील भरल्या गाडीस तो लागू पडत नाही. त्यावर भिस्त ठेवून भाडे ठरविणे इष्ट नव्हे.

चाकांत कमी हवा, धुळीने भरलेला एअर फिल्टर व रांगेत सुरू ठेवलेले इंजिन यांमुळे डिझेल वाया जाते. वेग दुप्पट होताच हवेचा विरोध चौपट होतो.

तथापि अर्धी रिकामी गाडी लिटरमागे अधिक धावली, तरी क्विंटलमागे ती महागच पडते. म्हणून शेजाऱ्यांनी मिळून मर्यादेइतकी गाडी भरावी व परतीस खत-बियाणे आणावे. मर्यादेबाहेर पोती लादणे मात्र टायर, ब्रेक व जीव यांस घातक होय.

टाकी पूर्ण भरून किलोमीटर टिपावेत. पुन्हा भरताना लागलेल्या लिटरांनी त्यांस भागावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशेब गावोगाव शिकवावा. वाया गेलेल्या डिझेलचा पैसा अखेर शेतकऱ्याच्याच पदरातून जातो.