जाळीचा छाप आणि शब्दांचा घोळ

एखादे कसब खेड्यापर्यंत पोहोचले म्हणजे त्यामागचे ज्ञानही तेथवर पोहोचले, असे आपण गृहीत धरतो. स्क्रीन प्रिंटिंगच्या धंद्याकडे पाहिले असता हे गृहीत किती पोकळ आहे, ते ध्यानात येते. लाकडी चौकट, तीवर ताणून बसविलेली कापडाची जाळी, रबराची पट्टी आणि शाई एवढ्या सामग्रीवर हा धंदा एका खोलीतही उभा राहू शकतो. कापडी पिशव्या, लग्नपत्रिका, पाट्या, गणवेशावरील शाळेचे चिन्ह ही सारी कामे त्यात येतात. वर्धा जिल्ह्यातील बोर धरणाच्या वाटेवरील हिंगणीसारख्या गावातील होतकरू तरुणाला असा धंदा आकर्षक वाटावा, हे स्वाभाविकच आहे. त्याला हात चालविण्यास शिकविणारा कोणी ना कोणी भेटेल. परंतु मेश, इमल्शन, एक्स्पोजर, पॉझिटिव्ह, रजिस्ट्रेशन ह्या शब्दांचा अर्थ मराठीत उलगडून सांगणारा भेटेलच, अशी शाश्वती नाही. परिणामी तो शब्द पाठ करतो आणि कृतीचे अनुकरण करतो. कारण मात्र त्याला कळत नाही.

हा केवळ भाषाभिमानाचा प्रश्न नव्हे. एक साधे उदाहरण घेऊ. जाळी किती दाट विणलेली आहे हे तिच्या नंबरावरून कळते. हा नंबर कोठे दर इंचातील धाग्यांचा असतो, तर कोठे दर सेंटिमीटरमधील धाग्यांचा. सेंटिमीटरला 43 धाग्यांची जाळी म्हणजे इंचाला सुमारे 110 धाग्यांची जाळी. आता '120 नंबर' एवढेच सांगितले तर काय समजावयाचे? इंचाला 120 धागे असतील तर ती जाडीभरडी जाळी पिशवीच्या कापडावर भरपूर शाई सोडते. सेंटिमीटरला 120 असतील तर इंचाला सुमारे 305 धागे होतात, आणि अशी तलम जाळी पत्रिकेवरील बारीक अक्षरांसाठी असते. ह्या दोहोंची अदलाबदल झाली की पत्रिकेतील अनुस्वार आणि रफार शाईने भरून जातात, पिशवीवरचे नाव फिके उमटते, आणि नुकसान कारागिराच्या माथी येते. हा दोष त्याच्या हाताचा नसून अर्धवट सांगितलेल्या शब्दाचा असतो.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. जाळीवर चढविलेला लेप प्रकाशाने घट्ट होतो. पॉझिटिव्हच्या काळ्या भागाखाली प्रकाश पोहोचत नाही, तेथील लेप मऊ राहून पाण्याने धुऊन जातो आणि तेवढ्याच वाटेने शाई उतरते. हा लेप प्रकाशाला संवेदनशील व्हावा म्हणून त्यात डायक्रोमेटचे क्षार मिसळण्याची जुनी रीत आहे. 'सेन्सिटायझर' ह्या भारदस्त नावाखाली मिळणारी ही केशरी पूड विषारी आहे. तिने त्वचेवर न भरणाऱ्या जखमा होतात, आणि तिच्यातील क्रोमियमचा प्रकार कर्करोगास कारणीभूत ठरतो, हे शास्त्राने सिद्ध केलेले आहे. उघड्या हातांनी ती कालविणाऱ्या मुलाला 'सेन्सिटायझर' ह्या शब्दातून कोणता इशारा मिळतो? डब्यावर मराठीत 'विषारी प्रकाशक्षार, हातमोजे घाला' एवढे जरी छापले, तरी ते पुष्कळ उपकारक होईल.

मग शब्द कोणी आणि कसे घडवावयाचे? येथे आपला पूर्वानुभव फारसा उत्साहवर्धक नाही. भाषा संचालनालयाची स्थापना 1960 साली झाली आणि त्याने परिभाषेचे मोठे काम केले, हे मान्य करावयास हवे. पण त्याच्या पदनाम कोशाची आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हणून जी संभावना केली, ती लोकांच्या स्मरणात अधिक राहिली. कचेरीत बसून घडविलेला शब्द कारखान्यात आपसूक रुळत नाही, हा त्यातला धडा होय. उलट मराठी छापखान्यांनी टाइपाला 'खिळा' म्हटले, कंपोझिटरला 'खिळे जुळारी' म्हटले, दगडावरील छपाईला 'शिळाछाप' म्हटले. कामाशी जडलेले हे शब्द अर्थ आपणच सांगत असत.

खुद्द वर्धा जिल्ह्याने ह्याहून बोलका दाखला घालून दिला आहे. गांधीजी 1936 साली सेवाग्रामला येऊन राहिले. ग्रामोद्योगांसाठी मगन संग्रहालय 1938 साली वर्ध्यात सुरू झाले. सूतकताईच्या त्या चळवळीत पेळू, चाती, अंक, गुंडी हे शब्द साक्षर-निरक्षर सर्वांच्या तोंडी होते. चार फुटांचा एक तार आणि 640 तारांची एक गुंडी, हे माप सामान्य कातणाऱ्यालाही ठाऊक असे. शास्त्रीय काटेकोरपणा आणि घरगुती शब्द यांचे वैर नाही, हे तेथे दिसून आले.

स्क्रीन प्रिंटिंगलाही हाच न्याय लावावा. शाई, चौकट, जाळी हे आपले शब्द आहेतच, ते निःसंकोच वापरावेत. अनेक रंग एकमेकांवर बरोबर बसविण्याला 'रजिस्ट्रेशन' म्हणण्याऐवजी 'रंगांचा मेळ' म्हटले, तर शिकणाऱ्याला काम तत्काळ उमगेल. स्टेन्सिल समजावताना घरोघरच्या रांगोळीच्या छापाचा दाखला पुरेसा आहे. स्क्वीजी, इमल्शन यांसारखे रुळलेले शब्द खुशाल ठेवावेत. त्यांना हद्दपार करण्याचा अट्टाहास नको. मात्र प्रत्येक शब्दाचा अर्थ एकच ठरावा आणि प्रत्येक आकड्यामागे माप लिहिले जावे.

ह्यासाठी जाडजूड कोशाची वाट पाहण्याचे कारण नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशक, चार अनुभवी कारागीर आणि भाषेचे दोन शिक्षक एकत्र बसले, तर पन्नास शब्दांची सचित्र पुस्तिका सिद्ध होऊ शकते. भाषा संचालनालयाने आणि राज्य मराठी विकास संस्थेने ती छापून गावोगावच्या वाचनालयांत ठेवावी. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांनी केला. पण भाषेची थोरवी तिच्या प्राचीन ग्रंथांइतकीच तिच्यातून पोट भरणाऱ्यांच्या सोयीवरही अवलंबून असते. हिंगणीच्या तरुणाला आपल्या हातातील पुडी विषारी आहे हे आपल्या भाषेत वाचता आले पाहिजे. तेवढेही साधले नाही, तर त्या दर्जाचा त्याला उपयोग तो काय?